सकाळच्या कॉफीतून कृतज्ञता: टप्प्याटप्प्याने करावयाचा क्रम

सकाळच्या कॉफीबरोबर थोडा वेळ कृतज्ञतेत घालवावा असे मनापासून ठरविणारे अनेक जण पंधरवड्यात तो नेम सोडून देतात आणि सोडताना बहुतेकांची तक्रार एकच असते, की तोंडाने आभार मानले जातात पण आत काहीच हलत नाही. यात श्रद्धा कमी पडलेली नसते, क्रम चुकलेला असतो. कप हातात येताच डोळे मिटून देवाचे आभार मानायचे आणि लगेच पेपर किंवा मोबाइल उघडून, कधी संपली हेही कळू नये अशा रीतीने कॉफी पिऊन टाकायची, असा प्रघात घरोघरी दिसतो. ज्या सुखाबद्दल आभार मानले ते सुख घेतलेच गेले नाही, तर आभार कोरडे राहणारच. म्हणून खालील क्रमात चव आधी येते, स्मरण त्यानंतर, नमस्कार त्याच्याही नंतर आणि परतफेड सर्वांत शेवटी. हा क्रम बदलू नये.

सोलापुरात कन्नड आणि तेलुगू शेजारामुळे स्टीलचा फिल्टर अनेक मराठी स्वयंपाकघरांतही आला आहे, म्हणून येथे फिल्टर कॉफी गृहीत धरली आहे. जायफळ घालून दुधात उकळलेली कॉफी किंवा इन्स्टंट कॉफी घेणाऱ्यांनी तिसरा टप्पा आपल्या पद्धतीने करावा. बाकीचे टप्पे तसेच राहतात.

टप्पा १: आदल्या रात्रीची तयारी

सकाळी चमचा सापडत नाही, फिल्टर ओला आहे, दूध संपले आहे, अशा धावपळीत सुरू झालेली कॉफी शांतपणे पिता येत नाही. फिल्टरची वरची आणि खालची दोन्ही भांडी, दांडीची चकती आणि झाकण रात्रीच धुऊन उपडी घालून ठेवावीत. वरच्या भांड्याच्या तळाची बारीक भोके उजेडाकडे धरून पाहावीत. बुजलेली असतील तर गॅसच्या मंद आचेवर तेवढाच तळ क्षणभर तापवून, थंड झाल्यावर ब्रशने घासावा.

पाण्याची सोय हा सोलापुरात वेगळा विषय आहे. नळाला पाणी रोज येत नाही आणि बोअरचे पाणी बहुधा जड असते. अशा क्षारयुक्त पाण्यात कॉफीचा वास दबतो आणि चव मातकट लागते. पिण्याच्या पाण्यातील एक तांब्या रात्रीच झाकून बाजूला ठेवावा. कॉफीची पूड मात्र रात्री फिल्टरमध्ये भरून ठेवू नये, कारण उघड्या पुडीचा वास सकाळपर्यंत उतरतो आणि पाचव्या टप्प्यात लागणारी निम्मी सामग्री तेथेच वाया जाते.

मोबाइल रात्री स्वयंपाकघराबाहेर चार्जिंगला लावावा. ही सूचना किरकोळ वाटते, परंतु हा नेम बहुधा हाताशी असलेल्या मोबाइलमुळेच मोडतो.

*पडताळा:* झोपण्यापूर्वी फिल्टर कोरडा, पाणी झाकलेले, पुडीचा डबा हाताशी आणि मोबाइल दूर, एवढे झाले असेल तर सकाळच्या कामाचा अर्धा भाग पार पडला.

टप्पा २: वेळ आणि जागा

जागा रोज एकच असावी आणि ती देवघरासमोरच असली पाहिजे असे नाही. ओट्याजवळचा पाट, गच्चीची पायरी, खिडकीजवळची खुर्ची, काहीही चालते. चैत्र-वैशाखात सोलापुरात सूर्य उगवताच भिंती तापू लागतात आणि आठ वाजता गरम कप हातात घेणे नकोसे होते, म्हणून त्या महिन्यांत साडेपाच ते सहाची वेळ धरावी. थंडीत ती सातपर्यंत नेता येते.

पूर्ण शांतता मिळण्याची वाट पाहत बसू नये. शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्यांच्या कानावर यंत्रमागाची खडखड पहाटेपासूनच असते आणि ती थांबवणे कोणाच्याही हातात नसते. आवाज बाहेरून येत असेल तर तो अडथळा ठरत नाही. आपण स्वतः बोलत किंवा वाचत असलो तर मात्र ठरतो.

*सावधान:* नळाला पाणी येण्याचा दिवस असेल तर आधी भांडी, टाकी, बॅरल भरून घ्यावे आणि मगच कॉफी टाकावी. एक कान मोटारीकडे आणि जीभ कॉफीकडे ठेवून काहीच साधत नाही.

टप्पा ३: डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) पाडणे

दोन कपांसाठी २० ते २५ ग्रॅम पूड घ्यावी. वरच्या भांड्यात ती सपाट पसरावी, चकतीने अगदी हलकेच दाबावी आणि चकती तशीच वर राहू द्यावी. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबावे. मग फक्त पूड भिजेल इतके थोडे पाणी गोल फिरवत घालावे आणि पुन्हा अर्धा मिनिट थांबावे. या अर्ध्या मिनिटात भांड्यावरून तोंड बाजूला करू नये. ताजी पूड पाणी शोषून किंचित वर उचलली जाते, कडेने तपकिरी फेसाचे बारीक बुडबुडे येतात आणि कपात कधीच न मिळणारा कॉफीचा पहिला, सर्वांत तीव्र वास याच वेळी बाहेर पडतो. त्यानंतर उरलेले पाणी, एकूण १५० मिलीच्या आसपास, सावकाश ओतून झाकण ठेवावे.

डिकॉक्शन पूर्ण उतरायला १५ ते २० मिनिटे लागतात. चिकोरी (कॉफीत मिसळली जाणारी एका मुळाची भाजलेली पूड) जास्त असलेली पूड पाणी धरून ठेवते, त्यामुळे ती सावकाश उतरते आणि रंगही गडद देते. पाकिटावर कॉफी आणि चिकोरी यांचे प्रमाण छापलेले असते, ते एकदा वाचून आपल्या पुडीचा स्वभाव ओळखून ठेवावा.

येथे होणाऱ्या चुका अशा. पूड घट्ट दाबली तर थेंब अडतात आणि अधीर माणूस चकती वर-खाली करून सगळा गाळ खाली नेतो. पूड नुसती भुरभुरून सोडली तर पाणी दोन मिनिटांत धावत खाली जाते आणि डिकॉक्शन चहाच्या रंगाचे होते. कधी दोन भांडी एकमेकांत इतकी घट्ट बसतात की आतली हवा कोंडून थेंब थांबतात. अशा वेळी वरचे भांडे किंचित सैल करावे, एवढे पुरते.

या वीस मिनिटांत आंघोळ, पूजा, अंगणातला सडा, डबा, जे काही असेल ते उरकावे. वाट पाहण्याचीच साधना करावी असे काही जण सुचवतात. माझ्या मते सुरुवातीला तो भार घेऊ नये, कारण फिल्टरपुढे ताटकळत बसलेला माणूस कप हाती येईपर्यंत कंटाळलेला असतो.

टप्पा ४: दूध आणि साखर

दूध एकदाच उकळावे आणि उकळी येताच उतरवावे. डिकॉक्शन पुन्हा गॅसवर ठेवू नये, कडवट होते; ते गार झाले असेल तर दूध अधिक गरम घ्यावे. एक भाग डिकॉक्शन आणि दोन भाग दूध हे प्रमाण धरून पुढे आपल्या जिभेप्रमाणे बदल करावा. साखर नेहमीपेक्षा थोडी कमी घालावी, म्हणजे कडू आणि गोड या दोन्ही चवी वेगवेगळ्या कळतात. जायफळ आवडत असेल तर ते किसणीवर एकदाच ओढावे. त्याचा अतिरेक चवीलाही वाईट आणि अंगालाही.

टप्पा ५: पहिले तीन घोट

सगळा भार या टप्प्यावर आहे आणि नेमका हाच टप्पा वगळला जातो.

कप दोन्ही हातांत धरून बसावे. अजून आभार मानू नयेत, देवाचे नाव घेऊ नये, काही म्हणू नये. पहिल्या घोटात फक्त ऊब आणि वास यांच्याकडे लक्ष द्यावे. दुसऱ्या घोटात कडू चव जिभेच्या कोणत्या भागाला आधी लागते आणि दुधाची गोडी मागून कशी येते, ते पाहावे. तिसरा घोट गिळल्यानंतर थांबावे आणि तोंडात मागे राहिलेली चव विरेपर्यंत चौथा घोट घेऊ नये. हे सर्व दोन-अडीच मिनिटांत होते.

येथे धार्मिक वळणाच्या माणसाला एक संकोच आडवा येतो. जिभेचे चोचले पुरवणे म्हणजे साधनेतला अडथळा, असे लहानपणापासून ऐकलेले असते, त्यामुळे चव घेण्यात वेळ घालवणे त्याला अपराधासारखे वाटते आणि तो घाईने आभारांकडे पळतो. मला ही घाईच देवाच्या देण्याचा अधिक मोठा अव्हेर वाटते. कोणी प्रेमाने वाढलेले पान न पाहता, न चाखता, केवळ हात जोडून उठून जावे, तशी ती वागणूक आहे. सुख आणि तलफ यांच्यात मात्र फरक करावाच लागतो आणि तो करण्याची सोपी कसोटी आहे.

*पडताळा:* तिसऱ्या घोटानंतर कप खाली ठेवावा आणि हात मांडीवर घ्यावेत. अर्धा मिनिट कप सुखाने खाली राहू शकला तर आपण चव घेत आहोत. हात आपोआप कपाकडे गेला तर ती तलफ आहे. तसे झाल्यास स्वतःला न रागावता पुन्हा एक घोट घेऊन तेथूनच सुरुवात करावी.

चवीचे मनातल्या मनात वर्णन करणे ही या टप्प्यावरची एक नेहमीची चूक आहे. ‘किती सुंदर, किती छान’ असे शब्द सुरू झाले की जीभ मागे पडते. कॉफीची परीक्षा घेत बसणे ही दुसरी. आज पातळ झाली, काल बरी होती, हा हिशेब नंतर करता येतो. कॉफी खरोखरच बिघडली असेल तर ती चांगली आहे अशी मनाची समजूत घालू नये. अशा दिवशी हातांना मिळालेली ऊब तेवढी खरी धरावी आणि तिच्यावरूनच पुढे जावे. खोट्या गोडीवर उभी केलेली कृतज्ञता दुसऱ्या दिवशी टिकत नाही.

टप्पा ६: एकाच धाग्याचे स्मरण

आता कप पुन्हा हातात घ्यावा आणि उरलेली कॉफी पिताना, ती आपल्यापर्यंत कोणाकोणाच्या हातून आली याचा एकच धागा धरावा. एका दिवशी एकच. कॉफी, दूध, साखर, पाणी, गॅस, आई, बाबा, आरोग्य अशी मोठी यादी रोज म्हटली की चौथ्या दिवशी ती पाढ्यांसारखी घडाघडा बाहेर पडते आणि तिच्यातले कोणीच डोळ्यांसमोर उभे राहत नाही.

कॉफीचा धागा धरला तर तो आपल्याला विजापूर रस्त्याने खाली कर्नाटकात, चिक्कमगळूर आणि कोडगूच्या डोंगरउतारांवर नेतो. तेथे मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफीची झुडपे वाढतात. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची एक चांगली सर आली की आठ-दहा दिवसांत सगळा मळा पांढऱ्या फुलांनी भरून मोगऱ्यासारखा घमघमतो. ती सर चुकली तर त्या वर्षीचे पीकच हुकते. फुलापासून फळ पिकेपर्यंत आठ-नऊ महिने जातात. एकाच फांदीवर लाल पिकलेली आणि हिरवी कच्ची फळे शेजारी-शेजारी असतात, म्हणून मजुरांना, विशेषतः स्त्रियांना, त्याच झुडपाकडे पुन्हा पुन्हा जाऊन पिकलेली तेवढी हाताने खुडावी लागतात. आपल्या कपातील प्रत्येक बी अशा कोणाच्या तरी बोटांमधून गेलेली आहे.

दुधाचा धागा जवळचा आहे. ज्यांच्याकडे म्हशीच्या दुधाचा रतीब आहे त्यांनी आपल्या जिल्ह्याची पंढरपुरी म्हैस आठवावी, तिची तलवारीसारखी मागे वळलेली लांब शिंगे आणि भल्या पहाटे तिच्या कासेशी बसलेला माणूस आठवावा. साखरेचा धागा धरला तर थंडीच्या दिवसांत उसाच्या फडात कोयता चालवणारे नवरा-बायको समोर येतात. आपले गाव सोडून, पोरांना बरोबर घेऊन, पालात राहून ते हंगाम काढतात. पाण्याचा धागा भीमेवरच्या उजनी धरणापर्यंत जातो, आणि ज्या शहरात पाण्याचा दिवस मोजून जगावे लागते तेथे हा धागा धरायला फारसे सांगावे लागत नाही.

धागा वस्तूवर संपवू नये, कोणाच्या तरी हातांवर संपवावा. धरण, कारखाना, पाकीट यांच्यापाशी मन थांबले तर ती केवळ माहिती होते.

सर्वांत जवळचा धागा मात्र कॉफी करून देणाऱ्याचा आहे आणि तोच सर्वाधिक विसरला जातो. घरातील कर्ता पुरुष डोळे मिटून विश्वाचे आभार मानतो आणि त्याच वेळी भल्या पहाटे उठून डिकॉक्शन पाडणारी बायको किंवा आई मागे ओट्याशी दुसऱ्या कामाला लागलेली असते, हे चित्र अनेक घरांत खरे आहे. कॉफी दुसऱ्याच्या हातची असेल तर पहिला संपूर्ण आठवडा फक्त हाच धागा धरावा.

*सावधान:* ‘इतरांना हे मिळत नाही, मला मिळते’ अशा तुलनेतून कृतज्ञता आणू नये. तिच्यात दुसऱ्याची उणीव हीच आपल्या समाधानाची अट होऊन बसते. ऊसतोड मजुरांची आठवण येऊन नुसती कीव वाटली, तर धागा अर्धवट धरला गेला असे समजावे. त्यांचे आपल्यावर ऋण आहे, हे मनात स्पष्ट झाले पाहिजे.

टप्पा ७: नमस्कार

शेवटचा घोट झाल्यावर, कप खाली ठेवण्यापूर्वी, एका श्वासापुरता नमस्कार करावा. शब्द हवे असतील तर ते घरच्या भाषेतले असावेत, मग ती मराठी असो, कन्नड असो की तेलुगू. ज्या हातांवर धागा संपला त्या हातांमागे आपण ज्याला मानतो त्याला, सिद्धेश्वर, विठ्ठल, स्वामी, अल्ला किंवा निराकार, नमस्कार जावा. देव न मानणाऱ्याने त्या हातांनाच नमस्कार करावा. त्यात काही उणे राहत नाही.

नैवेद्याचा प्रश्न येथे वारंवार निघतो. कॉफी आधी देवापुढे ठेवून मगच पिण्याची ज्यांची रीत आहे त्यांनी ती अवश्य चालू ठेवावी. ते अर्पण आहे आणि ते पिण्यापूर्वीच असते. येथे सांगितलेला नमस्कार मिळालेल्या सुखानंतरचा आहे. एकामुळे दुसरा झाला असे धरू नये.

या क्षणी काहीही मागू नये. मुलाची परीक्षा, बदली, गुडघ्याचे दुखणे, सगळे खरे असते आणि त्यासाठी प्रार्थनाही खुशाल करावी, पण ती सायंकाळच्या दिव्यापाशी करावी. आभारांच्या शेपटीला मागणी बांधली की हळूहळू आभार हा मागणीचा प्रस्ताव होतो.

कॉफी करणारी व्यक्ती समोर असेल तर तिला मोठ्याने आणि नेमके काही सांगावे. “आई, आज जायफळ अगदी बेताचं पडलंय,” एवढे म्हटले तरी आपण खरोखर चाखले हे तिला कळते. रोजच्या ठरावीक ‘थँक यू’ने ते कळत नाही.

टप्पा ८: त्याच दिवशी परतफेड

हा टप्पा गाळला तर नेम गोड वाटतो पण माणसात बदल होत नाही. सिद्धरामांच्या, म्हणजेच सिद्धेश्वरांच्या, या शहराला बाराव्या शतकातील शिवशरणांची (शिवभक्त संतांची) कायक आणि दासोह ही शिकवण परकी नाही: श्रम हीच पूजा आणि मिळाले ते वाटून घ्यावे. सकाळी जो धागा धरला असेल त्याच दिशेने, रात्री झोपण्यापूर्वी, एक छोटे काम करावे.

दुधाचा धागा असेल तर रतिबाचे पैसे तारखेला, घासाघीस न करता द्यावेत. पाण्याचा असेल तर गळणारा नळ त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावा किंवा वरच्या मजल्यावरच्या आजींच्या दोन कळशा भरून द्याव्यात. कॉफी करणाऱ्याचा धागा असेल तर फिल्टर आपण धुवावा आणि दुसऱ्या दिवशीचे डिकॉक्शन आपण पाडावे. मळ्यातील किंवा फडातील मजुरांपर्यंत आपला हात पोहोचत नाही. तेथे आपल्या दारात श्रम करणारी व्यक्ती शोधावी. धुणीभांडी करणाऱ्या मावशींना कॉफी द्यावी, ती उरलेली नव्हे, त्यांच्यासाठी केलेली असावी आणि घरच्याच कपातून असावी. त्यांच्यासाठी वेगळा कप बाजूला ठेवलेला असेल तर हा सगळा नेम तेथे खोटा पडतो. आधी तो कप इतर कपांत मिसळावा.

*पडताळा:* परतफेडीचे काम कोणाला सांगितले, त्याचा फोटो काढला किंवा त्याबद्दल मनात शाबासकीची वाट पाहिली, तर दुसऱ्या दिवशी तोच धागा पुन्हा धरावा.

काही विशेष प्रसंग

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेणाऱ्यांनी गोळी आणि कॉफी यांच्यात डॉक्टरांनी सांगितलेले अंतर ठेवावे. लोहाची गोळी कॉफीबरोबर घेऊ नये, कारण कॉफीमुळे शरीरात लोह कमी शोषले जाते. मधुमेह असलेल्यांनी साखर वगळली तरी कोणताही टप्पा बदलत नाही. एकादशीच्या किंवा सोमवारच्या उपवासाला अनेक घरांत कॉफी चालते, मात्र रिकाम्या पोटी तिसऱ्या कपापर्यंत जाणे टाळावे. ज्यांना कॉफीच सोसत नाही त्यांनी चहा, दूध किंवा नुसते कोमट पाणी घेऊन पाचव्या टप्प्यापासून हेच करावे.

लग्नघर, प्रवास, आजारपण किंवा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतील पाहुण्यांची वर्दळ यांमुळे खंड पडला तर चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ बसू नये आणि थेट नमस्कारापासूनही सुरुवात करू नये. ज्या रात्री पुन्हा सवड मिळेल त्या रात्री फिल्टर धुऊन उपडा घालण्यापासून, म्हणजे पहिल्या टप्प्यापासूनच, क्रम परत धरावा आणि पहिले दोन-तीन दिवस पाचव्या टप्प्यापुढे जाण्याची घाई करू नये.